‘आंतरपटल’, ‘पटलपार’ की ‘आरपार’?

सोलापूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: पेशीच्या पटलात (मेम्ब्रेन) बसून दोन्ही बाजूंना डोकावणाऱ्या ट्रान्समेम्ब्रेन प्रोटीनची रचना संगणकाने ओळखण्यावर मराठीत टिपण लिहिते आहे, ‘आंतरपटल प्रथिन’ चालेल का?

नको. ‘आंतर’ म्हणजे दोहोंमधला. तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रिया) दोन पटले असतात. त्यांच्या मधली जागा ती आंतरपटल, आणि तिथे सुटी वावरणारी प्रथिने वेगळीच. ‘पटलपार’ जवळ येतो, पण ‘सीमापार’ गेलेला माणूस पलीकडे पोचलेला असतो; हे प्रथिन पटलातच रुतून राहते. ‘पटलभेदी’ तर पेशी फोडणाऱ्या विषांना शोभेल.

माझा कौल ‘आरपार प्रथिन’ला. वाकळ शिवताना दोरा आरपार जातो, खाली वळतो, पुन्हा आरपार वर येतो आणि कापडातच राहतो. प्रथिनाची साखळी नेमकी तशी. शिवाय ‘सातदा आरपार’ असे सहज मोजता येते, आणि सगळी मदार त्या मोजणीवरच असते.

पटलाचा तेलकट गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड. अमिनो आम्लांची साखळी मळसूत्रासारखी वळून सर्पिल (हेलिक्स) होते आणि दर आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर पुढे सरकते, म्हणून एकदा आरपार जायला साधारण २० आम्ले लागतात. काइट आणि डूलिटल यांच्या १९८२ च्या पद्धतीत एका वेळी १९ आम्ले पाहणारी खिडकी आम्लांच्या क्रमावरून सरकवतात. पाणी टाळण्याच्या गुणाची, म्हणजे जलविरोधाची, सरासरी त्यांच्या मोजपट्टीवर १.६ च्या वर गेली की तो आरपार तुकडा धरतात. मग दिशा: लायसिन, आर्जिनिन जास्त असलेली वळणे बहुधा पेशीच्या आतल्या बाजूला.

घोटाळा होतो तो प्रथिनाला पटलाकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या संकेत-तुकड्याने (सिग्नल पेप्टाइड). तोही जलविरोधी, पुढे कापला जाणारा. खिडकी मात्र त्याला आरपार समजते. सातदा आरपार गेलेल्या साखळीचे एक टोक बाहेर, दुसरे आत. आठदा मोजले की दोन्ही टोके एकाच बाजूला येतात आणि पुढची सगळी आकृती बिघडते. म्हणून संकेत-तुकडा आधी वेगळा काढावा.

जिवाणूंच्या बाह्यपटलातली पिंपाच्या आकाराची प्रथिने या खिडकीला दिसतच नाहीत: त्यांत सर्पिलांऐवजी साखळीच्या ताणलेल्या पट्ट्या (बीटा स्ट्रँड) असतात, त्या आखूड, आणि जलविरोधी आम्ल एकाआड एक. तिथे ‘आरपार पट्टी’ लिहा, इतरत्र ‘आरपार सर्पिल’. क्रमावरून प्रथिनाचा आकार काढणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीच्या आकृतीत पटल नसतेच, त्यामुळे साखळी कुठून कुठवर आरपार आहे हे तिथेही वेगळे ठरवावे लागते.

आणि ‘प्रेडिक्शन’साठी ‘भाकीत’ऐवजी ‘अनुमान’ लिहा. आधार क्रमाचा आहे.