गोळी चालू आहे, तरी थकवा जात नाही

प्रश्न : मी सिडकोत राहते. वय ४४, वजन ६८ किलो. थायरॉईडची गोळी बरीच वर्षं चालू आहे. आधी ५० ची होती, मग ७५ ची, आता १०० ची. तरी या वेळी रक्ततपासणीत टीएसएच ११ आला. मिस्टरांची सातपूरला फर्स्ट शिफ्ट असते, त्यामुळे पहाटेच उठते. थायरॉईडची, अ‍ॅसिडिटीची, लोहाची, कॅल्शियमची अशा सगळ्या गोळ्या चहाबरोबर एकदम घेऊन टाकते, म्हणजे मागे काही राहत नाही. अकरा वाजेपर्यंत अंग गळून जातं, विंचरताना केस हातात येतात, इथल्या थंडीत पाय गार पडतात. घरचे म्हणतात, आळस वाढलाय. कोबी-फ्लॉवर सोडलं, सैंधव मीठ सुरू केलं. आता एकांनी सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय. थायरॉईड मुळापासून बरा होईल, पण ही गोळी आधी बंद करा, असं म्हणतात. करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, गोळी बंद करू नका. आणि हा आळस नाही. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं, मेंदूकडून येणारं हार्मोन; थायरॉईड कमी पडला की त्याचा आकडा वाढतो. टीएसएच ११ असताना थकवा येणं, केस गळणं, थंडी सहन न होणं हे आजाराचंच लक्षण आहे. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती पहाटेच्या चहाची ओळ. थायरॉईडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आतड्यातून शोषली जाते आणि या बाबतीत ती फार नाजूक आहे. लोह आणि कॅल्शियम तिला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. दुधाच्या चहातही कॅल्शियम असतंच. अ‍ॅसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते, आणि थायरॉईडची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. म्हणजे रोज १०० मायक्रोग्रॅम तोंडात जातात, पण अंगी किती लागतात हे कुणालाच ठाऊक नाही.

हिशेब करून बघा. थायरॉईड ग्रंथीचं काम जवळजवळ थांबलेलं असेल, तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतात. तुमच्या ६८ किलोला ते ११० च्या आसपास होतात. म्हणजे तुमचा डोस पूर्ण गरजेच्या जवळ पोचलेला आहे. अशा वेळी टीएसएच इतका वर असेल, तर मी डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते विचारते. रिपोर्ट बघून लगेच पुढचा आकडा लिहून देण्याची घाई आम्हा डॉक्टरांकडून होते, ती होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता असं करा. उठल्याउठल्या थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. पहाटे डबा, पोळ्या या गडबडीत तेवढा वेळ मिळत नसेल तर रात्री झोपताना घ्या, मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर. अ‍ॅसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का, हे डॉक्टरांना विचारा. ती नुसती उशिरा घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण तिचा परिणाम दिवसभर टिकतो. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही. नवरात्रात नऊ दिवस गोळी बंद ठेवणाऱ्या बायका मला दर वर्षी भेटतात. बाटली गॅसजवळच्या फळीवर असेल तर आजच हलवा. उष्णता आणि वाफ लागून गोळीचा जोर कमी होतो. झाकण घट्ट लावून बेडरूमच्या कपाटात ठेवा.

सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. त्याआधी केलात तर खरा अंक कळत नाही. या औषधाचा अर्धा अंश शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवी पातळी हळूहळू स्थिरावते. रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घेण्याआधी द्या. केसांसाठी बायोटिन नावाचं जीवनसत्त्व घेत असाल तर दोन दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट चुकतो. एक मात्र लक्षात असू द्या. गोळी नीट लागू पडायला लागली की हाच डोस जास्तही होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं झालं तर आठ आठवडे वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

सैंधव मीठ बंद करा, आयोडीनयुक्त मीठ पुन्हा आणा. कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा.

आता त्या कोर्सबद्दल. आपल्याकडे मोठेपणी होणाऱ्या या आजाराचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानचे डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटो म्हणतात. अँटी-टीपीओ नावाच्या रक्ततपासणीत ते कळतं. बाळंतपणानंतर होणारा किंवा अगदी सौम्य प्रकार कधी कधी आपोआप सुधारतो, पण झिजलेली ग्रंथी पुन्हा उभी करणारं औषध आज कुणाकडेही नाही. तुमची गोळी म्हणजे ग्रंथी जे हार्मोन बनवते तेच हार्मोन आहे. ती बंद केलीत की काही आठवड्यांत अंगावर सूज येईल, नाडी मंदावेल. थायरॉईडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये तर हेच हार्मोन, न सांगता घातलेलं सापडलेलं आहे. आशा लावून पैसे घेणाऱ्यांचा मला फार राग येतो, कारण शेवटी सोसायचं तुम्हालाच असतं. तुमची गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे. ती महाग नाही म्हणून तिला कमी लेखू नका.

टीएसएच जागेवर आल्यावरही थकवा राहिला तर गप्प बसू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. झोपेत घोरता का, हे मिस्टरांना विचारा. चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळीचे बदलही सुरू होतात. वजनाचं मात्र खरं सांगते, थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण दोन ते साडेचार किलो, बरंचसं अंगात साठलेलं पाणी. त्याहून जास्त असेल तर त्याची कारणं वेगळी शोधावी लागतील.

प्रश्न : सुनेला दिवस गेलेत. तिला थायरॉईडची गोळी आहे. बाळाला अपाय नको म्हणून ती बंद केली तर चालेल का?
— नाशिकरोडहून एक आजी

उत्तर : नाही आजी, अजिबात नको. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर चालते. उलट या दिवसांत गरज पाव हिश्शाने, कधी त्याहून जास्त वाढते. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट न बघता या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. टीएसएच गरोदरपणाच्या निम्म्या काळापर्यंत दर चार आठवड्यांनी बघायचा. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिलाही मिळतील, त्या चार तास लांब ठेवा. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीच्या मापावर येतो, अंगावर पाजतानाही गोळी चालते. आणि बाळ झाल्यावर त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन त्याचाही थायरॉईड तपासायला दवाखान्यात आवर्जून सांगा.