श्रवणशंका : व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची घरघर, बायस आणि बैठकीची खोली

प्रश्न : माझ्याकडे प्रत्येक चॅनेलला ईएल ८४ जातीच्या व्हॉल्व्हची (काचेच्या निर्वात नळ्यांची) जोडी असलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. हिवाळ्यात तो अगदी शांत असतो, मात्र मार्च उलटला की स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येते आणि टर्नटेबल लावल्यावर ती वाढते. एका परिचितांनी सगळे व्हॉल्व्ह बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी थ्री-पिन प्लगमधली अर्थची तार सोडवून टाकण्यास सुचविले. कोणाचे ऐकावे?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी

उत्तर : दोघांचेही ऐकू नये, आणि दुसऱ्यांचे तर मुळीच नाही. या अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या चेसिसखाली ३०० व्होल्टच्या आसपासचा डीसी दाब खेळत असतो. आत काही बिघडून तो दाब चेसिसवर आला, तर आपला हात आणि अपघात यांच्यामध्ये ती एक अर्थची तारच उभी असते. तार सोडल्याने घरघर कधीकधी खरोखर थांबते, म्हणूनच हा सल्ला इतका पसरला आहे.

प्रथम आवाजाची बटने पूर्ण खाली आणून ऐकावे. घरघर तशीच राहिली तर दोष आवाजाच्या बटनाच्या पुढच्या भागात आहे : वीजपुरवठ्यातला फिल्टर कंडेन्सर सुकला असेल किंवा जोडीतला एक व्हॉल्व्ह दुसऱ्यापेक्षा अशक्त झाला असेल, कारण पुश-पुल रचनेत, म्हणजे जोडीतले दोन व्हॉल्व्ह उलटसुलट दिशेने काम करतात तिथे, पुरवठ्यातला चढउतार एकमेकांत कापला जाण्यासाठी दोन्ही बाजू समतोल लागतात. या घरघरीचा सूर १०० हर्ट्झचा, थोडा खरखरीत असतो. बटन खाली आणताच ती नाहीशी होत असेल, तर ती बाहेरून, म्हणजे टर्नटेबलकडून किंवा जोडतारांतून येते आणि बहुधा एक सप्तक खालची, ५० हर्ट्झची असते. आपण गाणे ऐकणारे आहात, हा फरक आपल्या कानाला लगेच कळेल.

आपल्या पत्रातला ‘मार्च उलटला की’ हा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीभोवतीची माती सुकून तिच्यापासून सुटते आणि अर्थचा रोध वाढतो. मग घरातल्या इतर उपकरणांची गळती जमिनीत न जाता जोडतारांच्या मार्गाने अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरू पाहते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून दोन दिवसांनी पुन्हा ऐकावे. खड्डा जुना असेल तर कोळसा आणि मीठ नव्याने भरून घ्यावे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला दाब वायरमनकडून मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टांहून बराच अधिक भरला तर व्हॉल्व्हकडे वळण्याचे कारणच उरत नाही. याच महिन्यांत घरात कूलर सुरू होतो, हेही विसरू नये. त्याच्या मोटरचे चुंबकीय क्षेत्र टर्नटेबलच्या सुई धरणाऱ्या कार्ट्रिजला सहज पकडता येते, म्हणून कूलर बंद करून एकदा आणि टर्नटेबल त्याच्यापासून दूर नेऊन एकदा ऐकावे. टर्नटेबलची अर्थची वेगळी बारीक तार फोनोच्या, म्हणजे टर्नटेबल जोडण्याच्या जागेजवळच्या, स्क्रूला घट्ट बसली आहे ना, हे पाहण्यास पैसे लागत नाहीत.

प्रश्न : ईएल ३४ व्हॉल्व्ह नवीन बसविले. बायस कोणी ३५ मिलिअँपिअर सांगतो, कोणी ५०. माझ्या यंत्रावर बाहेरून मोजण्याची सोय आहे. नेमका आकडा कोणता?
— एक दुकानदार, जालना

उत्तर : बायस म्हणजे गाणे वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून वाहणारा स्थिर प्रवाह. त्याचा सर्व यंत्रांना लागू पडेल असा आकडा नसतो, तो काढावा लागतो. ईएल ३४ च्या प्लेटची, म्हणजे प्रवाह गोळा करणाऱ्या धातूच्या पत्र्याची, उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट आहे आणि एबी वर्गातल्या (मोठ्या आवाजात जोडीतले व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात अशा) यंत्रात स्वस्थ अवस्थेत तिच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे १५ ते साडेसतरा वॅट ठेवणे रास्त असते. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर हे ३७ ते ४४ मिलिअँपिअर होतात. ५० मिलिअँपिअरवर २० वॅट होतात. व्हॉल्व्ह लगेच जळणार नाही, पण लवकर म्हातारा होईल. उलट प्रवाह फार कमी ठेवला तर मंद आलापात, जिथे संकेत लहान असतो तिथेच, आवाजाला कड येते. निर्मात्याने पुस्तिकेत आकडा दिला असल्यास तोच प्रमाण मानावा. यंत्र अर्धा तास तापल्यावर मोजावे, स्पीकर जोडलेले असावेत. स्पीकरविना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. मोजणीसाठी खालचे झाकण मात्र काढू नये, कारण प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो.

आपल्या भागात याहून मोठी अडचण विजेच्या दाबाची आहे. संध्याकाळी २१० असलेला दाब शेतीपंप बंद होताच २४५ वर चढलेला आपण पाहिला असेल. दुपारी लावलेला बायस रात्री वेगळा भरतो, तेव्हा ज्या वेळी आपण ऐकता त्याच वेळी मोजावे आणि दाब चढलेला असतानाही मर्यादा ओलांडली जात नाही, याची खात्री करावी. यंत्र बाहेरून आणलेले आणि २२० व्होल्टसाठी बांधलेले असेल, तर २४५ वर त्याच्या ६.३ व्होल्टच्या हीटरला (व्हॉल्व्ह आतून तापविणाऱ्या तारेला) ७ व्होल्ट मिळतात आणि ही दाबातल्या चढउतारासाठी धरलेली दहा टक्क्यांची सवलत ओलांडणारी गोष्ट आहे. महागड्या व्हॉल्व्हवर खर्च करण्याआधी पुरेशा क्षमतेचा सर्व्हो, म्हणजे मोटरने दाब सलग जुळविणारा, स्टॅबिलायझर घ्यावा. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने उडी मारतो, प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये टक् असा आवाज येतो. मला तो गाण्यासाठी नको वाटतो.

प्रश्न : माळवदाच्या जुन्या वाड्यात जो संच गोड वाजत असे, तोच नव्या आरसीसी घरात कर्कश वाटतो. व्हॉल्व्ह थकले असतील का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : थकलेला व्हॉल्व्ह आवाज बहुधा मंद आणि ढिला करतो, कर्कश क्वचितच. माळवदाची जाड मातीची भिंत आणि लाकडी छत आवाज काही प्रमाणात पिऊन टाकत. स्लॅब, फरशी आणि गिलाव्याची भिंत जवळजवळ सगळाच परत फेकतात. जिथे आपण बसता तिथून बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवीत न्यावा. ज्या जागी त्यात स्पीकर दिसेल त्या जागी जाड वाकळ टांगावी आणि स्पीकर व श्रोता यांच्यामध्ये सतरंजी अंथरावी. पुस्तकांचे उघडे कपाट मागच्या भिंतीला असेल तर उत्तमच. स्पीकर कोपऱ्यात असल्यास पुढे ओढावेत. बारा फुटांच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर स्वतःच घुमतो, आणि कोपरा त्याला खतपाणी घालतो.

एवढे झाल्यावर आउटपुटच्या ४ आणि ८ ओहमच्या टोकांवर, यंत्र बंद करून तारा बदलून, एकच ध्वनिमुद्रण ऐकावे. स्पीकरचा रोध प्रत्येक सुराला वेगळा असतो आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर त्याला ट्रान्झिस्टरपेक्षा अधिक दाद देतो, त्यामुळे हा फरक कानाला कळण्याइतका असतो. जे टोक गाणाऱ्याचा गळा नैसर्गिक ठेवते ते निवडावे, स्पीकरवर छापलेला आकडा काहीही असो.

प्रश्न : आजोबांच्या बंद पडलेल्या रेडिओतले व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चालतील का?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : क्रमांक पाहावेत. ईएल ८४ असेल तर तपासून वापरता येईल. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनविलेले असे व्हॉल्व्ह आजही चांगले निघतात. मात्र रेडिओत तो एकटाच असतो आणि पुश-पुल यंत्राला जुळलेली जोडी लागते. ईसीएच ८१ हा केंद्र पकडण्याच्या कामाचा, अ‍ॅम्प्लिफायरला निरुपयोगी. रेडिओ दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो मोडू नये, असे मी सुचवेन.