विक्रीला आलेली लॅम्बोर्गिनी मिउरा (ही जुनी इटालियन स्पोर्ट्स कार) अस्सल आहे का, हे कसं तपासायचं?

रंग, चकाकी नंतर बघा. आधी चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिनचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतात का ते पाहा. लॅम्बोर्गिनीचा पोलो स्तोरिको विभाग जुन्या नोंदी तपासून प्रमाणपत्र देतो. विक्रेता ही तपासणी करू द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथूनच माघारी फिरा.

खरी गोम मिउराच्या 'एसव्ही' या आवृत्तीत आहे. १९७१ साली आलेल्या या आवृत्तीच्या जेमतेम १५० गाड्या निघाल्या, त्यामुळे साध्या मिउराला एसव्हीचा साज चढवायचा मोह होतोच. हेडलाइटभोवती 'पापण्या', म्हणजे पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या, नसणं ही तिची खूण म्हणतात, पण पापण्या काय, कोणीही काढेल! मागची रुंद बॉडी मूळचीच आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

सुरुवातीच्या मिउरात इंजिन आणि गिअरबॉक्सला एकच ऑइल, म्हणजे गिअर झिजले की धातूचा कीस इंजिनात. नंतरच्या एसव्हींत ही दोन ऑइलं वेगळी केली. अशा गाडीला भाव चढा.

शिवाय कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळून या गाड्या पेट घेतात. जळालेली गाडी नव्याने उभी केली असेल, तर इंजिनमागच्या कोपऱ्यांत आणि वायरिंगमध्ये त्याच्या खुणा शोधा.