घरी मराठी बंद करू नका

"मॅडम, आता घरी इंग्रजीच बोलायचं ना?" न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी पालकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. त्यामागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं: "पोरगं वर्गात तोंडच उघडत नाही." पुढची हकीकत अशा बऱ्याच घरांची मिळून आहे. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

मुलगा ११ वर्षांचा. वडील आधीपासून इथे नोकरीला, आई आणि तो मागून आले. आधीची शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, सेमी इंग्रजी. गणित-विज्ञान इंग्रजीतून झालंय, मग अडचण कसली, म्हणून आईबाबा निर्धास्त. शाळाप्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेबद्दल फॉर्म भरायचा असतो, त्यावर त्यांनी 'इंग्रजी' लिहून टाकलं. ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी नवीन असलेल्या मुलांसाठीच्या इंग्रजीच्या, वर्गात बसवलं तर पोरावर 'ढ' असा शिक्का बसेल, ही धास्ती. पण मुलाची भाषाचाचणी घ्यायची की नाही, हे शाळा त्याच फॉर्मवरून ठरवते. चाचणी नाही, म्हणून ईएसएल नाही, आणि मुलगा थेट सहावीच्या वर्गात.

सेमी इंग्रजीत पुस्तक इंग्रजी असलं तरी समजावणं बहुतेकदा मराठीत चालतं. मुलाला 'डिनॉमिनेटर' माहीत असतो, पण 'माझी पेन्सिल सापडत नाही' हे म्हणता येत नाही. त्यात तारखेत महिना आधी, मापं इंचात, तापमान फॅरनहाइटमध्ये आणि लाखाचा स्वल्पविराम भलत्याच जागी. गणितात हुशार म्हणवला गेलेला मुलगा गणितातच चुकायला लागला की बोलणं आणखी आटतं.

पहिल्या भेटीत आई म्हणाली, "घरी मराठी पूर्ण बंद केलंय. बोलला की लगेच टोकतो."

"मग जेवताना काय बोलता?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. "विशेष काही नाही."

मला जे हवं होतं ते इथेच सापडलं. शाळेत इंग्रजी येत नाही म्हणून गप्प आणि घरी मराठी चालत नाही म्हणून गप्प, अशा कोंडीत ते पोर होतं.

पुढच्या एका भेटीत त्याला विचारलं, सायन्समध्ये सध्या काय चाललंय? "इरोजन." म्हणजे काय? मान खाली. म्हटलं, "मराठीत सांग की. मलाही मराठीच बरं कळतं." त्याने पेन्सिल घेतली, कागदावर डोंगराचा उतार काढला, त्यावर आडव्या रेघा मारल्या. "हे समतल चर. दोन फूट रुंद, एक फूट खोल. उताराला आडवेच खणायचे. उभे खणले तर पाणी जोर धरतं आणि माती घेऊन जातं." मग गावच्या श्रमदानात ऐकलेलं त्याने एका दमात म्हणून दाखवलं: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरायला लावा. आई बघतच राहिली. अमेरिकेत आल्यापासून तो सलग इतका बोललेला तिने ऐकला नव्हता.

जमिनीच्या धुपेच्या ज्या धड्यावर वर्गात तो गप्प बसायचा, त्यातलं वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा त्याला जास्तच ठाऊक असावं. टोरँटोचे भाषा-शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९पासून जे सांगत आले, त्यावर माझा पक्का विश्वास आहे: एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही कामी येते. खेळण्या-बोलण्याचं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, पण धडा समजून त्यावर लिहिण्याचं यायला पाच ते सात वर्षं लागतात. तोवर मराठी काढून घेतली, तर मूल विचार कशात करणार?

म्हणून घरचा क्रम उलटा केला. उद्या वर्गात होणारा विषय आदल्या संध्याकाळी २० मिनिटं मराठीत बोलायचा. मग त्याच विषयावर इंग्रजीत तीनच वाक्यं लिहायची. नवे शब्द रोज पाच-सहा, तेही त्याच धड्यातले. भाषांतराचं अॅप एकेका शब्दापुरतं. अख्खा परिच्छेद त्यात टाकला की गृहपाठ होतो, शिकणं होत नाही. व्याकरणाची शिकवणी मी थांबवायला लावली. इंग्रजीतल्या 'अ' (a) आणि 'द' (the) यांना मराठीत जोड नाही, त्यामुळे त्या चुका वर्षानुवर्षं राहतात. दर वाक्याला टोकलं तर मूल वाक्यच बोलत नाही.

शिक्षकांना ईमेलने मोजक्याच गोष्टी मागितल्या. प्रश्न विचारल्यावर मनात सातपर्यंत मोजून थांबा. बहुतेक शिक्षक एक-दोन सेकंदांतच पुढच्या मुलाकडे वळतात. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग वर्गासमोर. उत्तराचा आराखडा मराठीत किंवा चित्रात करू द्या. 'आय थिंक... बिकॉज...' असा वाक्याचा सांगाडा फळ्यावर ठेवा. एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करा. आणि त्याच्या मदतीला दिलेला वर्गमित्र दर दोन आठवड्यांनी बदला, नाहीतर तो दुभाषा होऊन बसतो आणि कंटाळतोही.

त्या मुलाने वर्गात पहिल्यांदा दाखवलं ते चरांचंच चित्र, खाली चार इंग्रजी वाक्यं. एकात क्रियापद शेवटी गेलं होतं. शिक्षिकेने ते तसंच राहू दिलं, हे मला फार आवडलं.

फॉर्मही दुरुस्त करून घेतला. ईएसएल हा मुलाचा हक्क आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी भाषक मुलांच्या खटल्यात, लाउ विरुद्ध निकोल्समध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली स्पष्ट केलं की न कळणाऱ्या भाषेत सगळ्यांना सारखीच पुस्तकं दिली म्हणजे समान वागणूक होत नाही. पालकांना ईएसएल नाकारता येतं, पण नाकारलं तरी वार्षिक भाषाचाचणी चुकत नाही, म्हणजे मदत गेली आणि परीक्षा राहिली. शिक्षकांच्या भेटीला दुभाषा मागा. मुलालाच दुभाषा करू नका; स्वतःबद्दलच्या तक्रारी तो कशा सांगणार?

सुरुवातीचे काही महिने मूल नुसतं ऐकत असेल, मान डोलावत असेल, सांगितलेलं करत असेल, तर घाबरू नका. मात्र घरी मराठीतही बोलणं तुटलं, रोज सकाळी पोट दुखायला लागलं, झोप उडाली किंवा मराठी वाचनही आधीपासून अडखळतच होतं, तर वाट बघत बसू नका. शाळेकडे तपासणीची लेखी मागणी करा, आणि ती मराठीतूनही व्हावी असं त्याच अर्जात लिहा.