फुलराणी बाजूला ठेव, पद्मिनी वाच

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या एका गावची. बेळगावच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या यात्रेतल्या नाटकांत आणि कॉलेजच्या एकांकिकांत कामं केली आहेत. एका नाट्यप्रशिक्षण संस्थेला दोन-दोन मिनिटांची दोन स्वगतं मोबाइलवर चित्रित करून पाठवायची आहेत, मुदत तीन आठवड्यांची. मी ‘ती फुलराणी’तलं स्वगत आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधलं बेणारेबाईचं शेवटचं बोलणं निवडलं आहे. मागे एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘आधी तो बेळगावी हेल घालवा.’ तेव्हापासून तोंड उघडायची भीती वाटते. बाबांना मी बी.एड. करावं असं वाटतं. घर कौलारू, वर सतत पाऊस, आवाज कसा घेऊ? आणि साडी नेसू की ड्रेस घालू? – एक नाटकवेडी

चि. नाटकवेडीस, अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही उतारे बदल. अजून तीन आठवडे हातात आहेत म्हणून स्पष्ट सांगते.

फुलराणी 1975 साली भक्ती बर्वे यांनी रंगभूमीवर आणली. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ तेव्हापासून मराठी मुलींच्या स्पर्धांमध्ये इतक्यांदा झालंय, की पहिला शब्द ऐकताच परीक्षकाच्या कानात भक्तीताईंचा आवाज सुरू होतो. मग तुझं काही ऐकूच येत नाही. गंमत अशी, की बोलीवरून हिणवल्या गेलेल्या मुलीची ही गोष्ट, आणि ती तू निवडलीस परीक्षक तुझ्या हेलावर बोलल्यानंतर. नकळत तिथे तू परीक्षकांना उत्तर देतेयस. अर्जातल्या दोन मिनिटांत जुनं भांडण मिटवायला जाऊ नकोस.

बेणारेचं कारण वेगळं. 1967 सालचं हे नाटक तू पूर्ण वाचलं असशील तर आठव: खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात तिच्यावर प्रश्नांचा मारा होतो, निवेदन मागितलं जातं आणि ती गप्प राहते. मग बाकीची पात्रं जागच्या जागी थिजतात आणि ती बोलते. म्हणजे तिचं बोलणं मंचावर कुणी ऐकतच नाही. त्याआधी झालेला सगळा छळ प्रेक्षकाने पाहिलेला असतो, म्हणून ते बोलणं अंगावर येतं. तो छळ दोन मिनिटांच्या व्हिडिओत येत नाही, आणि उरतं ते पहिल्याच वाक्याला भरून आलेले डोळे. असे डोळे निवड करणाऱ्यांनी त्या दिवशी सकाळपासून बरेच पाहिलेले असतात.

स्वगत असं घे ज्यात तू कुणाशी तरी बोलतेयस आणि त्या माणसाकडून तुला काहीतरी हवंय. देवाशी बोल, मेलेल्या नवऱ्याशी बोल, दाराआडच्या सासूशी बोल, चालेल. पण समोरचा माणूस असावा, आणि तो ‘नाही’ म्हणायची शक्यता असावी. पात्राचं वय तुझ्या आसपासचं हवं. आणि उताऱ्याच्या मध्यावर काहीतरी बदलायला हवं: युक्ती, सूर, कळलेली एखादी गोष्ट. रडणं दाखवता येईल असा उतारा शोधू नकोस. ज्यात पात्र रडू नये म्हणून धडपडतंय असा शोध.

उदाहरण म्हणून गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदन’मधली पद्मिनी वाच. शेवटी तिचा नवरा देवदत्त आणि त्याचा मित्र कपिल एकमेकांना मारून पडलेत, तिने सती जायचं ठरवलंय, आणि ती बोलते काय? भागवताला, म्हणजे नाटकातल्या निवेदकाला, मुलाची व्यवस्था सांगते. आधी जंगलातल्या शिकाऱ्यांकडे दे, हा कपिलचा मुलगा म्हणून सांग. पाच वर्षांचा झाला की देवदत्ताच्या वडिलांकडे, विद्यासागरांकडे ने, हा देवदत्ताचा म्हणून सांग. मरणाच्या दारात उभी असलेली बाई इतक्या कामाचं बोलते. तिला भागवताकडून वचन हवंय, वेळ नाही, आणि रडली तर सांगायचं राहील. नटीला यापेक्षा जास्त काय लागतं? हे नाटक मूळ कन्नड आहे आणि मराठीतही आहे. तुला दोन्ही भाषा येतात. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचलीस तर प्रत्येक वाक्याचा रोख कुठे आहे ते आपोआप उलगडेल. पुण्या-मुंबईच्या उमेदवाराकडे ही सोय नाही.

उतारा ठरला तरी नाटक अख्खं वाच. नेटवर फिरणारी सुटी पानं नकोत, त्यांत वाक्यं गाळलेली असतात आणि पात्रांची नावंसुद्धा चुकलेली असतात. तू बेळगावात शिकतेस, सार्वजनिक वाचनालय 1848 पासून तिथे आहे. तिथल्या नाटकांच्या कपाटापाशी एक दुपार काढ.

दुसरा उतारा पहिल्याच्या उलट स्वभावाचा असू दे. पद्मिनी गंभीर, म्हणून दुसरी खट्याळ किंवा रागीट. संस्थेच्या नियमात भाषेची सक्ती नसेल तर माझा आग्रह राहील की ‘श्रीकृष्ण पारिजात’ या कन्नड संगीत लोकनाट्यातली सत्यभामा कन्नडमध्ये कर. आपल्याच जिल्ह्यातला गोकाकचा भाग या खेळाचं घर, कौजलगी निंगम्मांसारखी कलावंत याच मातीतली. नारदाने आणलेलं फूल कृष्णाने रुक्मिणीला दिलं म्हणून रुसलेली सत्यभामा म्हणजे मत्सर, लाड आणि विनोद एकाच वेळी. एखादी ओळ गाऊनही दाखवता येईल. मात्र संस्थेने उतारे नेमून दिले असतील तर माझं हे सगळं बाजूला ठेव आणि त्यांच्या यादीतलेच घे. माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं हीही पात्रताच आहे.

आता हेलाचं. परीक्षकांनी दोन गोष्टींची गल्लत केली. अस्पष्ट बोलणं हा दोष आहे आणि तो सरावाने जातो. हेल हा दोष नाही, तो पात्राप्रमाणे ठेवता किंवा काढता आला म्हणजे झालं. तुझं बोलणं रेकॉर्ड करून ऐक. कन्नडच्या शेजारामुळे ‘चाक’मधला च आणि ‘चंद्र’मधला च एकसारखा होतोय का? कन्नडमध्ये ‘चाक’मधला च नाहीच, त्यामुळे आपल्याकडे काहींचा तो निसटतो. वाक्याच्या शेवटी सूर दर वेळी वर जातो का? एवढ्या दोन गोष्टींवर काम कर. उलट ण आणि ळ आपल्याकडे खणखणीत असतात, कारण कन्नडमध्येही ते तसेच आहेत. ‘पाणी’चं ‘पानी’ करणारी मुलं शहरांतही कमी नाहीत, ते सांगायचं राहूनच जातं. जिभेच्या व्यायामाला गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घे. ती लांबलचक वाक्यं एका श्वासात, अर्थ न सांडता म्हणता आली की आधुनिक नाटकाचं कुठलंही वाक्य सोपं जातं. अर्जासाठी मात्र त्यातली सिंधू नको.

आणि भीतीपुरतं एवढं ध्यानात घे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत पहिला खेळ केला, त्याआधी कर्नाटकातून आलेल्या, पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या भागवत मंडळींचे खेळ तिथे झाले होते. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीला आपल्याकडचा कानडी वारा पहिल्यापासून लागलेला आहे.

तालमीला पाठांतराने सुरुवात करू नकोस. पहिले दोन-तीन दिवस बसून, कसलाही भाव न आणता मोठ्याने वाच. मग पुस्तक मिटून तोच प्रसंग घरच्या बोलीत सांग, जशी तू आईला सांगशील. ‘मी जाऊलालो, पोराला बघ’ अशा थाटात. बोलीत कुठे अडखळलीस तिथे तुला अर्थ कळलेला नाही असं समज. अर्थ कळला की संहितेचे शब्द घे, ते चटकन बसतात. पाठ झाल्यावर भाकरी थापताना म्हण, भांडी घासताना म्हण. हात कामात असले की ते अभिनय करायला जात नाहीत. मग एका मैत्रिणीला समोर बसव आणि सांग, ‘मला कंटाळा आला की मी उठून जाणार.’ तिला थांबवायचं, तेही संहितेच्याच शब्दांत. या एका तालमीतून जितकं हाती लागतं तितकं आरशासमोरच्या शंभर तालमींतून लागत नाही. आरसा तर नकोच. त्यात पात्राऐवजी आपला चेहरा दिसतो.

पूर्ण जोर लावून रोज करू नकोस. घसा बसतो आणि भावनाही शिळी होते. दिवसाआड पुरे.

चित्रीकरणात तुला सगळ्यात जड जाईल ती यात्रेतल्या नाटकाची सवय. तिथे भोंग्यातून, झाडाखाली बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. कॅमेरा मात्र समोर बसलेल्या एका माणसाइतका जवळ आहे. आवाज त्या माणसापुरता ठेव, हावभाव निम्मे कर, विचार मात्र अजिबात कमी करू नकोस. निम्मं केल्यावर सपाट वाटलं, तर समज की आधी नुसता आवाजच होता.

फोन आडवा धर, नियमात उभा मागितला असेल तर उभा. मागचा कॅमेरा वापर, तो डोळ्यांच्या उंचीवर बांध. डोक्यापासून कमरेपर्यंतची चौकट ठेव. मागची भिंत रिकामी हवी, कॅलेंडर आणि फोटो तेवढ्यापुरते उतरव. उजेड खिडकीचा घे, खिडकी तुझ्या तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. नजर भिंगात रोखू नकोस. भिंगाच्या अगदी शेजारी, फोनला लागून एक टिकली चिकटव आणि भागवत तिथे उभा आहे असं धर. सुरुवातीला नाव, नाटक आणि पात्र साध्या आवाजात सांग, दोन श्वास थांब, मग सुरू कर. पार्श्वसंगीत, फिल्टर, मधे कापून जोडणं, काही नको.

पावसाचं खरं संकट आहे. खानापूरच्या कौलांवर जुलैत पाऊस लागला की शेजारच्या खोलीतलं ऐकू येत नाही, माइकला काय ऐकू येणार. पहाटे उघडीप मिळते का बघ, नाहीतर स्लॅबचं घर असलेल्या नातेवाइकांकडे जा. खोली रिकामी असेल तर आवाज घुमतो. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूंना गोधड्या टांग, धान्याची पोती ठेव. फोन दूर असला की त्याचा माइक तुझ्याइतकाच खोलीचाही आवाज घेतो, म्हणून दुसऱ्या फोनवर फक्त आवाज रेकॉर्ड कर. तो तुझ्याजवळ पण चौकटीबाहेर ठेव. सुरुवातीला एक टाळी वाजव, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. तेही जमत नसेल तर तारेच्या इयरफोनचा माइक कपड्याला लाव. दोन्ही फोन फ्लाइट मोडवर टाकायला विसरू नकोस. ऐन वचन मागताना मामाचा फोन येतो.

चार-पाच टेक कर आणि त्या दिवशी बघू नकोस. दुसऱ्या दिवशी एकदा आवाज बंद करून बघ, एकदा नुसतं ऐक. दोन्ही वेळा जो टेक खरा वाटेल तो पाठव, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असला तरी. फाइल व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी कुणाला पाठवलीस तर ती दाबली जाऊन चित्र खराब होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठव. ड्राइव्हची लिंक देणार असशील तर ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते तपास. अपलोड शेवटच्या रात्री गावातल्या नेटवर्कच्या भरवशावर नको, आधी बेळगावातून कर. आणि हौसेने यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकू नकोस. नाटकाचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतात आणि कार्नाड गेले 2019 साली. प्रवेशासाठी खाजगीत पाठवणं वेगळं, जाहीर टाकणं वेगळं, त्याला परवानगी लागते.

आता बाबा. त्यांचा प्रश्न रास्त आहे: शिकून पोट कसं भरणार? याला ‘मला आवड आहे’ हे उत्तर नाही. त्यांच्यासमोर कागद ठेव. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पदवीनंतरचा, आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. त्याच संस्थेचं बेंगळुरू केंद्र दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मुलांना एक वर्षाचं शिक्षण देतं. कर्नाटकची रहिवासी असणं तिथे तुझ्या पथ्यावर पडतं. हेग्गोडूची नीनासम ही नाट्यसंस्था कन्नडमधून शिकवते. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांत तुझं गाव असेल तर तसा दाखला काढून ठेव आणि या विद्यापीठांच्या कार्यालयात सवलतीची चौकशी कर. काही अभ्यासक्रमांना ती मिळते. एकाच ठिकाणी अर्ज करून थांबू नकोस. जुन्या नाटकांच्या हस्तपत्रिका, फोटो, मंडळाची पत्रं एका फाइलमध्ये लाव, कामाचा अनुभव बहुतेक ठिकाणी विचारतात.

बी.एड.ला विरोध करू नकोस, त्याचाही फॉर्म भर. शाळेत नाटकातून शिकवणारी माणसं लागतात. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1989 साली याच कामासाठी स्वतंत्र कंपनी काढली. बी.एड. आणि नाट्यशिक्षण दोन्ही असलेली, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी शिक्षिका आपल्या भागात सहज सापडत नाही. मालिका आणि सिनेमाची स्वप्नं मात्र बाबांना दाखवू नकोस. तिथलं उत्पन्न भरवशाचं नाही, आणि ते त्यांना माहीत आहे. हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे अध्यक्ष होते, हे जेवताना सहज कानावर घाल. ज्ञानपीठ मिळालेला आपल्याच जिल्ह्यातला माणूस म्हटल्यावर वडील थोडं वेगळं ऐकतात.

राहिली साडी की ड्रेस. ड्रेस. एकरंगी, भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचा, बारीक रेघांचा नको, त्या कॅमेऱ्यात थरथरतात. ओढणी काढून ठेव, नाहीतर दोन मिनिटं हात तिच्याशीच खेळत बसतील. केस मागे बांध, बांगड्या उतरव, त्या माइकमध्ये वाजतात. पायात चपला नकोत.