प्रॉक्समॉक्सवरील व्हर्च्युअल मशीनचे बॅकअप किती वेळा घ्यावेत आणि जुन्या प्रती किती काळ ठेवाव्यात?

आपल्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत प्रॉक्समॉक्सवर (एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी प्रणाली) सात व्हर्च्युअल मशीन आहेत, त्या सर्वांचा बॅकअप रोज रात्री प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर जातो आणि ‘शेवटच्या सात प्रती ठेवा’ एवढा एकच नियम लावलेला आहे. डिस्क भरत आल्यावर आपण सातऐवजी तीन केले, तरी जागा मोकळी झाली नाही, असे आपण लिहिले आहे.

आधी जागेचे पाहू. हा सर्व्हर डिस्कचे 4 एमबीचे तुकडे करून साठवतो आणि एकसारखा तुकडा एकदाच ठेवतो, त्यामुळे एकच तुकडा अनेक प्रतींना लागू असतो. ‘प्रून’ केल्यावर, म्हणजे नियमाप्रमाणे जुन्या प्रती छाटल्यावर, केवळ त्या प्रतीची सूची जाते, तुकडे डिस्कवर तसेच राहतात. ते काढण्याचे काम ‘गार्बेज कलेक्शन’ करते आणि तेही गेल्या 24 तास 5 मिनिटांत वापरात असलेल्या तुकड्यांना हात लावत नाही. म्हणून नियम बदलल्यावर त्याच दिवशी आकडा खाली येईल अशी अपेक्षा ठेवू नये. गार्बेज कलेक्शनचे वेळापत्रक लावलेले नसेल तर ते आजच लावावे, कारण डिस्क काठोकाठ भरली की या प्रक्रियेलाही काम करता येईनासे होऊ शकते. शिवाय मशीनच्या आत पुसलेल्या फायलींचे ब्लॉक बॅकअपमध्ये जात राहू नयेत यासाठी डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’ (मोकळी झालेली जागा सोडून देण्याची परवानगी) चालू करून आतून नियमित ट्रिम होते का, म्हणजे मोकळ्या जागेची खबर डिस्कला दिली जाते का, हे पाहावे. माझ्या मते बहुतेक ठिकाणी प्रती कमी करण्याआधी ही दोन कामे करायला हवीत.

आता मुदतीचा प्रश्न. बॅकअप किती वेळा घ्यायचा हे किती काम वाया गेलेले चालेल यावरून ठरते, तर प्रती किती काळ ठेवायच्या हे बिघाड किती उशिरा लक्षात येऊ शकतो यावरून ठरते. या दोन्हींचे उत्तर एकाच आकड्यात शोधल्यामुळे आपली अडचण झाली आहे. पुसले गेलेले फोल्डर कोणाला तरी तीन आठवड्यांनी आठवते, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम) आत शिरून कित्येक दिवस शांत बसलेले असू शकते, आणि अशा वेळी हाताशी असलेल्या तिन्ही प्रती बिघाडानंतरच्याच निघतात. त्यातही ‘कीप-लास्ट’, म्हणजे ‘शेवटच्या इतक्या प्रती ठेवा’ हा नियम, दिवस मोजत नाही, प्रती मोजतो. अपडेटच्या दिवशी कोणी हाताने तीन बॅकअप घेतले तर आपल्या सध्याच्या नियमाने जुने सगळे निघून जातील.

त्याऐवजी मी कीप-लास्ट 6, कीप-डेली 14 (दिवसाला एक प्रत), कीप-वीकली 8 (आठवड्याला एक) आणि कीप-मंथली 12 (महिन्याला एक) असे सुचवीन. यातला प्रत्येक नियम आधीच्या नियमाने व्यापलेला काळ सोडून त्यामागच्या प्रतींचा विचार करतो, म्हणून मुदती एकमेकींत मिसळत नाहीत, एकापुढे एक जोडल्या जातात आणि जास्तीत जास्त 40 प्रतींत वर्षाहून अधिक मागे जाता येते. तुकडे सामायिक असल्याने 40 प्रतींना 40 पट जागा लागत नाही. डेटाबेसची मशीन मात्र अपवाद समजावीत, कारण तिथे चार केबीचा बदल झाला तरी संपूर्ण 4 एमबीचा तुकडा नव्याने साठवावा लागतो.

वेळापत्रक सर्वांना एकच नको. हिशेबाच्या आणि डेटाबेसच्या मशीनचा बॅकअप कामाच्या वेळेत दर चार तासांनी घ्यावा, फाइल सर्व्हरचा रोज रात्री, आणि ज्यांत क्वचितच काही बदलते त्यांचा आठवड्यातून एकदा पुरे. मशीन चालू असताना कोणते ब्लॉक बदलले याची नोंद ठेवली जाते, त्यामुळे चार तासांचा बॅकअप सहसा लवकर आटोपतो. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले की ही नोंद जाते आणि पुढच्या वेळी सगळी डिस्क वाचावी लागते. दोन वेगळ्या सर्व्हरवर आळीपाळीने बॅकअप पाठवल्यासही हाच परिणाम होतो, म्हणून दुसरी प्रत सिंक जॉबने (एका बॅकअप सर्व्हरवरून दुसऱ्यावर प्रती नेणाऱ्या कामाने) तयार करावी आणि ती दुसऱ्या सर्व्हरने स्वतः ओढून घ्यावी. प्रून पहाटे, त्यामागून गार्बेज कलेक्शन आणि मग पडताळणी असा क्रम ठेवावा.

प्रत्येक मशीनमध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट (बॅकअपच्या क्षणी मशीनच्या आतील फाइल प्रणाली थोपवून धरणारा छोटा प्रोग्राम) बसवून तो प्रॉक्समॉक्समध्येही चालू करावा. त्यावाचून घेतलेली प्रत अचानक वीज गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत राहते तशी असते. चांगला डेटाबेस त्यातून सावरतो, पण मी तरीही डेटाबेसचा वेगळा डंप (त्यातील माहितीची स्वतंत्र फाइल) घेतोच. प्रॉक्समॉक्सला दिलेल्या खात्याला ‘डेटास्टोअर बॅकअप’ एवढीच भूमिका द्यावी आणि प्रून सर्व्हरवरूनच चालवावे, म्हणजे कोणी प्रॉक्समॉक्सचा ताबा मिळवला तरी त्याला त्या खात्यातून जुन्या प्रती पुसता येणार नाहीत.

आपली कंपनी भारतात नोंदलेली असल्याने कायद्याचाही विचार हवा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 128 नुसार हिशेबाची पुस्तके किमान 8 आर्थिक वर्षे जपावी लागतात, आणि ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून दुसरी प्रत केवळ परदेशातील क्लाउडवर ठेवून भागणार नाही, आणि हिशेबाच्या मशीनचा निदान रोजचा बॅकअप तरी चुकता कामा नये. मात्र यासाठी व्हर्च्युअल मशीनच्या 8 वर्षांच्या प्रती साठवणे मला योग्य वाटत नाही. इतक्या वर्षांनी ती जुनी प्रणाली आणि तिचा परवाना चालेलच याची खात्री कोण देणार? वर्षअखेरीस हिशेबाचा डेटा त्याच्या मूळ रूपात आणि पीडीएफमध्ये काढून वेगळा जपावा.

महिन्यातून एकदा कोणतेही एक मशीन नव्या क्रमांकाने रिस्टोअर करून पाहावे. त्या वेळी ‘युनिक’ (नेटवर्क कार्डाला नवा पत्ता देणारा) हा पर्याय निवडावा आणि मशीन सुरू करण्यापूर्वी त्याचे नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करावे, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन चालू होऊन मूळ मशीनचेच काम अडेल.