आजचा सीडी४ चांगला असला, तरी जुना आकडा डॉक्टरांना सांगा

ताई, तुमच्या दहा वर्षांच्या पुतण्याची हकीकत वाचली. एआरटी (एचआयव्हीची औषधे) नियमित चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) दबलेला आहे, तरीही मानेत गाठ आली आणि क्षयरोगाच्या गोळ्यांना दोन महिने होऊनही ती तशीच आहे. रिपोर्ट चांगले असताना लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा) धोका उरतो का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या भाच्याच्या वेळी हा प्रश्न मला सुचलाच नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच असावा.

धोका कमी होतो, पण पुसला जात नाही. या कर्करोगाच्या पेशींत एचआयव्ही स्वतः सहसा सापडत नाही. तो बाहेर राहून जमीन तयार करतो. विषाणू वर्षानुवर्षे मोकाट राहिला की बी-पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सतत चेतवल्या जातात, पुन्हा पुन्हा विभागतात आणि विभागताना जनुकांची मोडतोड होण्याची शक्यता वाढते. बर्किट या प्रकारच्या लिम्फोमात मिक नावाचे जनुक असेच जागा सोडून भलतीकडे जोडले गेलेले असते. त्यात एप्स्टाइन-बार विषाणूची भर पडते. १९६४ साली युगांडातून लंडनला पाठवलेल्या मुलांच्या गाठींत तो प्रथम दिसला. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो लहानपणीच होऊन जातो आणि बी-पेशींत दडून राहतो. त्याच्यावर पहारा टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचा असतो, आणि सीडी४ (टी-पेशींपैकी एका प्रकाराची रक्तातली संख्या) घसरला की तोच पहारा ढिला पडतो. (त्याची अँटिबॉडी तपासणी करण्यात पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, ती बहुतेकांची पॉझिटिव्हच येते.)

म्हणून मुलाचा आजचा सीडी४ किती, एवढेच विचारून भागत नाही. एआरटी कितव्या वर्षी सुरू झाली, त्याआधी सीडी४ किती खाली गेला होता आणि विषाणू किती काळ दबलेला नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे असते. पाच वर्षांखालील मुलांत नुसता आकडा फसवतो, कारण त्या वयात तो मुळातच जास्त असतो; तिथे टक्केवारी पाहतात. शिवाय मेंदूतला लिम्फोमा बहुधा सीडी४ फार खाली गेल्यावर होतो, तर बर्किट आणि हॉजकिन हे लिम्फोमाचे प्रकार बऱ्यापैकी सीडी४ असतानाही होऊ शकतात.

माझी चूक इथेच झाली. भाच्याची एआरटी आठव्या वर्षी सुरू झाली, तेव्हा सीडी४ होता ९६. बाराव्या वर्षी गाठ आली तेव्हा तो ६४० होता, आणि मी डॉक्टरांपुढे फक्त तोच कागद ठेवला. गाव बदलताना जुन्या एआरटी केंद्राने रुग्णाजवळची हिरवी नोंद-पुस्तिका ठेवून घेतली होती. नव्या पुस्तिकेत पहिला आकडा ६४० चाच होता आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. डॉक्टरांनी सुईची तपासणी केली, रिपोर्टमध्ये ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ (म्हणजे कर्करोग नव्हे, नुसती प्रतिक्रियेने सुजलेली गाठ) आले आणि अंदाजाने क्षयरोगाचे उपचार सुरू झाले. अडीच महिने गेले. पुढे जुनी नोंद मागायला मी त्या केंद्रात दोनदा गेलो. ‘चालू रिपोर्ट आहे ना, जुन्याचे काय करायचे?’ असे म्हणून खिडकीवरच्या गृहस्थांनी दोन्ही वेळा परत पाठवले. तिसऱ्यांदा लेखी अर्ज देऊन पोच मागितली, तेव्हा केंद्राकडे राहणाऱ्या पांढऱ्या नोंद-कार्डाची प्रत तीन दिवसांत मिळाली. ती कपाटातच होती, हे आठवले की आजही राग येतो.

तो ९६ चा आकडा वाचून नव्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि अख्खी गाठ काढून बायोप्सी करायला सांगितली. निदान हॉजकिनचे निघाले. त्यात खऱ्या रोगपेशी विरळ असतात, म्हणून सुईला त्या हुकू शकतात. सुईचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून निर्धास्त राहू नका.

क्षयरोग आपल्याकडे इतका आहे की डॉक्टरांनी आधी तोच धरणे चुकीचे नाही. पुरावा नसताना महिनोन्‌महिने तोच धरून बसणे मला चुकीचे वाटते. बायोप्सी ठरली तर आधी विचारून घ्या की तुकड्याचे दोन भाग होणार आहेत ना: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मॅलिनमध्ये आणि क्षयरोगाच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) सलाइनमध्ये, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. तोपर्यंत ‘सूज उतरावी’ म्हणून कोणी स्टेरॉइड देऊ लागले तर बायोप्सीपर्यंत थांबता येईल का, हे जरूर विचारा. त्याने गाठ तात्पुरती विरते आणि निदान चुकते. एआरटी मात्र कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. पुतण्या डोल्युटेग्राव्हिर या एआरटीच्या गोळीवर असेल, तर रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाबरोबर ती दिवसातून दोनदा द्यावी लागते. तशी दिली जाते आहे का, हे उद्याच पाहा.